धातुशोधकाचे लहान वेटोळे

धातुशोधकाचे लहान वेटोळे म्हणजे जमिनीवर फिरवण्याच्या धातुशोधक यंत्राला (मेटल डिटेक्टरला) बसवले जाणारे, साधारणतः १५ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे शोधवेटोळे होय. बहुतेक यंत्रांसोबत २३ ते २८ सेंटीमीटर व्यासाचे वेटोळे मिळते आणि लहान वेटोळे वेगळे घ्यावे लागते. वापरणारे त्याला नुसते ‘छोटी कॉइल’ किंवा ‘स्नायपर कॉइल’ म्हणतात. लहान वेटोळ्याची पोहोच मोठ्या वेटोळ्यापेक्षा कमी असते. मात्र एकमेकींजवळ पडलेल्या दोन धातूच्या वस्तू वेगळ्या ओळखण्याची त्याची क्षमता अधिक असते. खिळे, तारा व लोखंडी कचरा यांनी भरलेल्या जागी, तसेच लोहखनिजयुक्त मातीत त्याचा उपयोग होतो. दख्खनच्या पठारावर, विशेषतः जुन्या गावठाणांच्या परिसरात, या दोन्ही अडचणी एकाच जागी भेटतात.

कार्यतत्त्व

धातुशोधक यंत्र मायकेल फॅरेडे यांनी इ.स. १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालते. प्रेषक वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की त्याच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र जमिनीतील धातूच्या वस्तूत भोवरी प्रवाह, म्हणजेच एडी करंट, उत्पन्न करते. या प्रवाहांचे स्वतःचे दुर्बल क्षेत्र असते व ते ग्राहक वेटोळ्याला जाणवते. परत आलेल्या संकेताची तीव्रता आणि मूळ प्रवाहाच्या तुलनेत त्याला झालेला विलंब यांवरून वस्तूची वाहकता व ती लोखंडी आहे की नाही याचा अंदाज बांधला जातो.

या तत्त्वाचा एक गाजलेला प्रारंभीचा उपयोग जमिनीवर नव्हे, तर मानवी शरीरावर झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तन-तुला वापरली. पण गोळी सापडली नाही. अध्यक्षांच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांमुळे संकेत बिघडले आणि गोळी जेथे असल्याचे डॉक्टर मानत होते त्याच बाजूचा शोध घेतला गेला. प्रत्यक्षात ती दुसऱ्या बाजूला होती. १९ सप्टेंबर रोजी गारफिल्ड यांचा मृत्यू झाला. शोधायच्या वस्तूशेजारी असलेले नको ते लोखंड ही अडचण त्यामुळे या यंत्राइतकीच जुनी म्हणावी लागेल.

व्यास आणि खोली

वेटोळे जितके मोठे तितके ते खोल पाहते, हा सर्वसाधारण समज बरोबर आहे, पण अपुरा आहे. एकाच वेढेसंख्येच्या व एकाच प्रवाहाच्या दोन वर्तुळाकार वेटोळ्यांची तुलना केल्यास गोष्ट अधिक स्पष्ट होते. वेटोळ्याच्या अक्षावरील क्षेत्र व्यासाप्रमाणे व अंतराप्रमाणे कसे बदलते याचे सूत्र ठाऊक आहे. त्यानुसार १२ सेंटीमीटर व्यासाच्या वेटोळ्याचे क्षेत्र त्याच्या केंद्रापाशी २८ सेंटीमीटर व्यासाच्या वेटोळ्याच्या क्षेत्राच्या सुमारे २.३ पट असते. सुमारे साडेसहा सेंटीमीटर खोलीवर दोन्ही क्षेत्रे समान होतात. १० सेंटीमीटरवर मोठ्या वेटोळ्याचे क्षेत्र १.७ पट, तर २० सेंटीमीटरवर जवळजवळ ३.४ पट होते. वस्तूकडून परतणारा संकेतही याच प्रमाणात घटत असल्याने यंत्राला जाणवणारा फरक या आकड्यांच्या वर्गाइतका असतो. म्हणजे २० सेंटीमीटरवर तो ११ पटींहून अधिक होतो.

प्रत्यक्ष यंत्रांत वेढ्यांची संख्या, प्रवाह व रचना निरनिराळ्या असतात, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कल मात्र हाच राहतो. वरच्या चार-सहा सेंटीमीटरच्या थरातील बारीक वस्तूला लहान वेटोळे अधिक तीव्र प्रतिसाद देते. व्यासाच्या मानाने खूप दूर असलेल्या लहान वस्तूचा संकेत अंतराच्या सहाव्या घाताने घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की संकेत ६४ पटींनी क्षीण होतो. यामुळेच वेटोळे जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर उंच धरले तरी लहान वेटोळ्याची बरीचशी कमाई तेथेच वाया जाते.

तांब्याचा हंडा किंवा पेटी यांसारखी खोल पुरलेली मोठी वस्तू शोधायची असल्यास लहान वेटोळे निरुपयोगी ठरते.

लोखंडाआड झाकली जाणारी वस्तू

लहान वेटोळ्याचा खरा उपयोग येथे आहे. बहुतेक यंत्रांत लोखंडाचा आवाज गाळून टाकण्याची सोय असते. एखादे तांब्याचे नाणे आणि एक लोखंडी खिळा यांत ८ सेंटीमीटर अंतर आहे असे मानू. २८ सेंटीमीटरचे वेटोळे त्यांच्यावरून जाताना फेरीच्या बऱ्याच भागात दोन्ही वस्तू एकाच वेळी त्याच्या क्षेत्रात असतात. दोन्ही संकेतांची बेरीज यंत्रापुढे येते आणि खिळा ठळक असल्यास यंत्र ‘लोखंड’ असा निर्णय देऊन गप्प बसते. खाली नाणे होते हे वापरणाऱ्याला कळतही नाही. १२ सेंटीमीटरच्या वेटोळ्याचा केंद्रभाग नाण्यावर असताना खिळा त्याच्या काठाबाहेर असतो, त्यामुळे नाण्याचा संकेत वेगळा उमटण्याची शक्यता वाढते.

२८ सेंटीमीटरचे वेटोळे १२ सेंटीमीटरच्या वेटोळ्याच्या साडेपाच पट क्षेत्रफळ एका वेळी व्यापते. ज्या जमिनीत खिळे फार दाट आहेत तेथे मोठ्या वेटोळ्याखाली एकही खिळा नाही असा क्षण क्वचितच येतो. अशा जागी ‘काही सापडत नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नसतो.

खिळ्यापेक्षा चपटे लोखंड अधिक फसवे असते. गंजलेला पत्रा, डब्याचे झाकण किंवा बाटलीचे बूच यांत भोवरी प्रवाह मोठ्या प्रमाणात वाहतात, त्यामुळे यंत्र त्यांना पुष्कळदा चांगला वाहक समजते. लहान वेटोळे हा भ्रम पूर्णपणे दूर करत नाही. मात्र त्याने वस्तूची कड अधिक नेमकी शोधता येते. संकेत रुंद व तुटक असेल तर पत्र्याचा संशय घेता येतो.

दख्खनची जमीन

महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांतून बनलेल्या बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे. या काळ्या खडकात मॅग्नेटाइट व टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट ही चुंबकीय खनिजे असतात. खडक झिजून तयार झालेल्या मुरमात व मातीत ती उतरतात. धातुशोधकाला अशी जमीन कधीच रिकामी वाटत नाही. खाली धातू नसतानाही ती संकेत देत राहते. हा पार्श्वसंकेत वजा करण्यासाठी यंत्राचा भूसमतोल साधावा लागतो. वेटोळे जमिनीपासून वर-खाली करत आवाज स्थिर होईपर्यंत यंत्र जुळवून घेतात.

लहान वेटोळ्याच्या क्षेत्रात एका वेळी कमी माती येते, म्हणून पार्श्वसंकेतही कमी येतो आणि यंत्राची संवेदनशीलता थोडी वाढवता येते. मातीत विखुरलेले बेसॉल्टचे गोटे कधीकधी धातूसारखा आवाज देतात. लहान वेटोळ्याने असा प्रत्येक गोटा स्वतंत्रपणे तपासता येतो. जळलेली माती हा याच अडचणीचा दुसरा प्रकार होय. उष्णतेने मातीतील लोहसंयुगे अधिक चुंबकीय बनतात. त्यामुळे जुन्या चुली, कुंभाराच्या भट्ट्या व वीटभट्ट्या यांच्या जागा यंत्राला सभोवतालच्या मातीहून निराळ्या जाणवतात. लोहाराच्या भट्टीतून पडलेले कीट तर अनेकदा सरळ लोखंड म्हणूनच ओळखले जाते.

काळ्या कापसाच्या जमिनीचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. ही चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. पृष्ठभागावरील लहान वस्तू या भेगांतून खाली घसरतात व माती वर्षानुवर्षे स्वतःलाच खालवर करत राहते. म्हणून अशा शेतात एखादे नाणे किती खोल सापडले यावरून त्याचे वय सांगता येत नाही. कालचे नाणे हातभर खाली आणि कित्येक शतकांपूर्वीचे नांगराच्या तासात असे उलटे चित्रही दिसू शकते. यामुळे लहान वेटोळ्याची मर्यादाही स्पष्ट होते: भेगेतून खाली गेलेली वस्तू त्याच्या पोहोचीबाहेर जाते.

कुंभारी परिसराचे उदाहरण

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव बेसॉल्टच्या याच प्रदेशात येते. गावाच्या परिसरात एकविसाव्या शतकात कामगारांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. विडी कामगार महिलांसाठी उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरांचे हस्तांतरण २००६ मध्ये झाले, तर रे नगर प्रकल्पातील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लाभार्थ्यांना देण्यात आली.

एवढ्या बांधकामानंतर कोणत्याही जमिनीच्या वरच्या थरात सळ्यांचे तुकडे, बांधणीची तार, फळ्यांचे खिळे व पत्र्याच्या कातरणी उरतात. त्याच्या पलीकडे शेते लागली की कचऱ्याचा प्रकार बदलतो: बैलांच्या पायातील नालांचे तुकडे, त्यांचे बारीक खिळे, मोडलेले फाळ, मळणीयंत्राचे नटबोल्ट. खाली चुंबकीय माती आणि वर लोखंडाचा सडा अशा जागी घराच्या अंगणात हरवलेली अंगठी शोधायची झाल्यास मोठे वेटोळे जवळजवळ अखंड वाजत राहते किंवा लोखंड गाळून पूर्णपणे मुके होते. लहान वेटोळ्याने काम सावकाश होते, पण होते. रब्बी ज्वारीच्या कापणीनंतर उभ्या राहिलेल्या धसकटांमध्येही त्याचा साधा यांत्रिक फायदा मिळतो. मोठे वेटोळे धसकटांवर टेकून जमिनीपासून उंच राहते, लहान वेटोळे त्यांच्या ओळींमधून थेट मातीला लागून जाते.

वेटोळ्याची रचना

समकेंद्री रचनेत ग्राहक वेटोळे प्रेषक वेटोळ्याच्या आत, त्याच केंद्राभोवती असते. तिचे संवेदनक्षेत्र खाली निमुळते होत जाणाऱ्या शंकूसारखे असते व वस्तूची नेमकी जागा सहज कळते. दुहेरी-डी रचनेत इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून काहीशी एकमेकांवर येतात. त्यांचे संवेदनक्षेत्र पुढून मागे जाणाऱ्या पात्यासारखे अरुंद असते. खनिजयुक्त जमिनीत ही रचना अधिक स्थिर राहते, म्हणून बेसॉल्टच्या प्रदेशात लहान वेटोळे घेताना तिला सामान्यतः पसंती दिली जाते. लंबगोल वेटोळी या दोन्ही रचनांत मिळतात. रुंदी कमी असल्याने ती आडव्या दिशेत लहान वेटोळ्याप्रमाणे वस्तू वेगळ्या करतात आणि लांबीमुळे थोडे अधिक क्षेत्र झाकतात.

वेटोळे यंत्राच्या वारंवारतेशी जुळणारे असावे लागते. एका यंत्राचे वेटोळे दुसऱ्या यंत्राला केवळ जोडणी बसते म्हणून चालत नाही.

वापराची पद्धत

वेटोळे जमिनीला समांतर आणि शक्य तितके जवळ ठेवून सावकाश फिरवतात. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी यावी लागते, कारण क्षेत्र खाली निमुळते होत असल्याने कडांखालचा खोल भाग अन्यथा तपासलाच जात नाही. यातून वेळेचा हिशेब निघतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. २८ सेंटीमीटरच्या वेटोळ्याने दर फेरीला १४ सेंटीमीटर पुढे सरकल्यास एका गुंठ्यासाठी वेटोळ्याला सुमारे ७२० मीटर प्रवास करावा लागतो. १२ सेंटीमीटरच्या वेटोळ्याने ६ सेंटीमीटर सरकत गेल्यास तोच प्रवास १,६८० मीटरहून अधिक होतो. सेकंदाला अर्धा मीटर या गतीने पहिल्या कामाला २४ मिनिटे, दुसऱ्याला ५६ मिनिटे लागतात. एकरभर शेताला लहान वेटोळ्याने ३७ तासांहून अधिक वेळ लागेल. म्हणून आधी मोठ्या वेटोळ्याने शेत चाळून, जेथे संकेत दाट आहेत तेवढाच तुकडा लहान वेटोळ्याने तपासणे व्यवहार्य ठरते.

एका दिशेने तपासून झाल्यावर तीच जागा काटकोनात पुन्हा तपासली जाते. पूर्व–पश्चिम फेरीत खिळ्याआड गेलेले नाणे दक्षिणोत्तर फेरीत मोकळे दिसू शकते. कचरा फारच दाट असल्यास वरचे खिळे वेचून काढून पुन्हा फिरणे हाच उपाय उरतो.

नाणी आणि दागिने

भारतीय नाण्यांच्या बाबतीत लोखंड गाळण्याची सोय सांभाळून वापरावी लागते. १९८८ पासून काढलेली १०, २५ व ५० पैशांची नाणी आणि १९९२ नंतरची एक रुपयाची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची असून ती चुंबकाला चिकटतात. यंत्र त्यांना लोखंड समजून वगळू शकते. त्याआधीची ॲल्युमिनियमची व कप्रोनिकेलची नाणी वेगवेगळे संकेत देतात. शिवराईसारखे तांब्याचे जाड नाणे स्पष्ट वाजते. सातवाहनांची शिशाची व पोटीन या मिश्रधातूची लहान नाणी मात्र झिजलेली असल्यास क्षीण संकेत देतात. अशा वस्तूंसाठी लहान वेटोळे सोयीचे असते.

दागिन्यांत वजनापेक्षा आकार महत्त्वाचा ठरतो. बंद कडी असलेल्या अंगठीत किंवा जोडव्यात भोवरी प्रवाहाला सलग वाट मिळते आणि संकेत ठळक येतो. तीच कडी तुटलेली असेल तर संकेत बराच घटतो. नथीची बारीक तार, चमकी किंवा साखळीचे सुटे दुवे यांत प्रवाहाला फारच छोटी वर्तुळे मिळतात, म्हणून सोने असूनही ते मोठ्या वेटोळ्याला जाणवत नाही. येथे लहान वेटोळे व उच्च वारंवारता यांची जोडी लागते.

पुरातत्त्व आणि कायदा

युद्धभूमीच्या पुरातत्त्वात धातुशोधकाने पद्धतशीर काम होऊ शकते हे अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणाने दाखवून दिले. तेथे सापडलेल्या गोळ्या व काडतुसांची जागा मोजून नोंदवली गेली आणि लढाईचा क्रम त्या नोंदींतून उलगडला. वस्तूची किंमत तिच्या जागेत असते, हा त्यामागचा विचार होय.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण धातुशोधकाविना सापडलेल्या ठेव्याचे आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली होती. नहपानाच्या पराभवाचा हा भक्कम पुरावा ठरला, तो संपूर्ण साठा एकत्र पाहता आल्यामुळे. हीच नाणी एकेक करून उकरली जाऊन बाजारात विखुरली असती, तर पुनर्मुद्रित नाण्यांचे प्रमाण कोणाला मोजता आले नसते. लहान वेटोळे वरच्या थरातील सुटी नाणी टिपण्यात निपुण असल्याने नेमका हाच धोका त्याच्याशी निगडित आहे.

१८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, ठिकाण व तारीख यांची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. माहिती दडवल्यास शोधणारा आपला वाटा गमावतो आणि एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ठेव्यावर कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि शोधणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन-चतुर्थांश भाग शोधणाऱ्याला व उरलेला मालकाला मिळतो. शासनाला ठेवा स्वतःकडे घ्यायचा असल्यास धातूच्या मूल्यावर एक-पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमाखालील संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष अधिनियम लागू होतो.

‘गुप्तधन शोधणारे यंत्र’ म्हणून धातुशोधकाची जी ख्याती ग्रामीण भागात आहे तिला तांत्रिक आधार थोडाच आहे. यंत्र सोने आणि त्याच वाहकतेचा ॲल्युमिनियमचा तुकडा यांत खात्रीने फरक करू शकत नाही. गुप्तधनाच्या नावाने केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने प्रतिबंध केला आहे.

इतर उपयोग

तपासणीसाठी हातात धरायच्या दांड्यात व खड्ड्यातील वस्तूची जागा नेमकी कळवणाऱ्या बोटभर जाडीच्या शोधकातही लहान वेटोळेच असते. आरागिरणीत ओंडक्यात रुतलेले खिळे पात्याला लागण्याआधी शोधण्यासाठी आणि भिंतीतील सळई किंवा वायर कोठून गेली आहे हे छिद्र पाडण्यापूर्वी पाहण्यासाठी अशी साधने वापरली जातात. मुलाने नाणे गिळल्यास ते अन्ननलिकेत अडकले आहे की पुढे सरकले याचा प्राथमिक अंदाज क्ष-किरणांशिवाय घेण्यासाठीही हाती धरायच्या शोधकाचा वैद्यकात वापर झाला आहे. चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळलेल्या गाईम्हशींच्या तपासणीतही तो उपयोगी पडतो. मात्र यंत्र वाजले तरी धातू पोटात नुसता पडून आहे की जठराची भिंत भेदून गेला आहे हे त्यावरून कळत नाही; त्यासाठी पशुवैद्याची तपासणी लागतेच.